देवाविना नमस्कार

काम एका शब्दाचं होतं, आणि तो शब्दही 'नमस्कार'.

सोमवारी सकाळी तोक्योहून आलेल्या पत्रात सावातारीबाईंनी लिहिलं होतं, "तिसऱ्या भागात परीराणी काटेरी झाडाखालच्या टेकाडातून बाहेर येते आणि मिनातोला पहिल्यांदा भेटते. ती त्याला 'नमस्कार' म्हणते. एवढा एक शब्द आयरिशमध्ये द्यावा. शुक्रवारी ध्वनिमुद्रण आहे. आपला मौल्यवान वेळ घेतल्याबद्दल क्षमा असावी, सेन्सेई."

मार्टीन ओ कुआलाननं ते पत्र संगणकावर दोनदा वाचलं. दुसऱ्या वेळी फक्त शेवटचा शब्द वाचला. सेन्सेई म्हणजे गुरुजी. आयर्लंडच्या किनाऱ्यावरच्या कुआन ब्योग गावच्या शाळेत पस्तीस वर्षं आयरिश व्याकरण शिकवून तो निवृत्त झाला होता. गाव त्याला अजून मास्तर म्हणायचं, घरात बायकोही मास्तरच म्हणायची, पण त्यात आदर किती आणि सवय किती हे त्यानं कधी खोदून पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत एका माणसानं त्याला एका शब्दाचा अर्थ विचारला असेल तर शपथ. आणि आता जगभर पाहिली जाणारी चित्रमालिका करणारी जपानी माणसं त्याला पत्रातून वाकून विचारत होती. पहिल्या दोन भागांतले परीलोकाचे मंत्र, शाप, अंगाई, सगळं त्यानं चुटकीसरशी दिलं होतं. शेवटी जी नावांची यादी वर सरकते, तीत 'आयरिश भाषा: मार्टीन ओ कुआलान' अशी ओळ येणार होती. ही बातमी त्यानं फारशी कुणाला सांगितली नव्हती. दुकानात सांगितली, चर्चच्या दारात सांगितली, बोटीवर सांगितली, आणि दातांच्या डॉक्टरला तोंडात यंत्र असताना सांगितली, तेवढीच.

"बारब्रा, हे बघ, 'नमस्कार' विचारतायत मला! पहिलीच्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवतो तो शब्द."

"मग द्या पाठवून, आणि कोंबड्यांना दाणे घाला," बारब्रा म्हणाली.

त्यानं 'दिया घित' असं लिहिलं, बोट बटणावर नेलं, आणि ते तिथंच थांबलं.

'दिया घित' म्हणजे 'देव तुझ्याजवळ असो'. सगळा मुलूख एकमेकांना भेटल्यावर हेच म्हणतो. आणि ती मंडळी, म्हणजे टेकाडाखाली राहणारी, जिच्यावर ही मालिका होती ती, देवाचं नाव कानावर पडताच जागच्या जागी नाहीशी होते. नाच, दिवे, सोन्याची ताटं, सगळं गडप, आणि माणूस ओल्या गवतात एकटा उभा. हे कुआन ब्योगमधलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे राणी मोठ्या थाटात बाहेर येणार, मिनातोला 'देव तुझ्याजवळ असो' म्हणणार, आणि स्वतःच्याच तोंडानं स्वतःला पुसून टाकणार. तिसऱ्याच भागात मालिका समाप्त. वेताळानं समोर येऊन 'राम राम' म्हणावं, तसला हा प्रकार.

"मग दुसरा कुठला तरी शब्द द्या," बारब्रा म्हणाली.

तो दुसरा शब्द शोधायला बसला आणि बसूनच राहिला. 'देव तुझ्याजवळ असो' ह्याला उत्तर 'देव आणि मरियम तुझ्याजवळ असोत'. त्यालाही उत्तर द्यायचं तर त्यात संत पॅट्रिकची भर. दोन म्हातारे रस्त्यात भेटले की निम्मा स्वर्ग खाली उतरतो. कुणाच्या घरात पाऊल टाकायचं तर 'इथल्या सगळ्यांवर देवाची कृपा'. कुणी काम करताना दिसला तर 'कामाला देवाची बरकत'. शिंक आली तरी देव, जांभई आली तरी देव. ह्या भाषेत देवाला वगळून शिव्या तेवढ्या देता येतात, आणि त्यातल्याही निम्म्यांत सैतान येतो, म्हणजे शेजारच्या घरी देव आलाच.

पस्तीस वर्षं त्यानं ही भाषा फळ्यावर तुकडे तुकडे करून मांडली होती. नाम, सर्वनाम, विभक्ती. घरातल्या कपाटासारखी ती त्याला ठाऊक होती. कुठल्या खणात काय आहे ते अंधारातही सांगता आलं असतं. आणि आज कपाट उघडलं तर आत कुणीतरी बसलेलं! मास्तरच्या अंगावर सरसरून काटा आला. त्या दिवशी कोंबड्या दुपारपर्यंत उपाशी राहिल्या.

मंगळवारी तो पेगीच्या दुकानात गेला. पेगीच्या दुकानात पीठ, टपाल, खिळे आणि सल्ला ह्या चार वस्तू मिळतात, आणि चौथी न मागता मिळते.

"पेगी, समजा, एखादी परी..."

"श्श!" पेगीनं दोन्ही हात वर केले. "नाव नका घेऊ, मास्तर. दूध नासतं. 'चांगली मंडळी' म्हणा."

"बरं, चांगली मंडळी. ती एकमेकांना भेटल्यावर काय म्हणत असतील?"

पेगीनं अडचण ऐकली आणि पिठाच्या काट्यावर बोटं वाजवत विचार केला. "शे दो वाहा," ती म्हणाली. "जुना शब्द आहे. 'तुझं आयुष्य आहे' एवढाच अर्थ. देव नाही, मरियम नाही, कुणी नाही."

मास्तरला आनंदाचं भरतंच आलं. इतका साधा शब्द, आणि आपल्याला कसा सुचला नाही! त्यानं छाती भरून, राणीच्या रुबाबात तो उच्चारून पाहिला: "शे दो वाहा!"

टपालाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या दोन म्हाताऱ्यांनी आणि बोटवाल्या तोमासनं एकदम माना खाली घातल्या आणि पुढची ओळ सुरू केली, "...हे मरिये, कृपेनं भरलेल्या माते..." कारण मरियमची प्रार्थना नेमकी ह्याच तीन शब्दांनी सुरू होते, आणि इथल्या माणसाच्या कानावर ते तीन शब्द पडले की उरलेली प्रार्थना आपोआप बाहेर येते. तोमासनं टोपी काढली. मास्तरलाही काढावी लागली. शेवटच्या ओळीला तर तोच सगळ्यांत मोठ्यानं म्हणत होता.

आमेन झाल्यावर पेगी म्हणाली, "हे नाही चालायचं."

"'हाय' म्हणू द्या की तिला," तोमास म्हणाला. "आमच्या घरात आता सगळे तेच म्हणतात."

"राणी आहे ती, तोमास! बसथांब्यावरची पोरगी नव्हे."

"मग 'सुस्वागतम'?"

"ते पायपुसण्यावर असतं."

"'कसा आहेस' असं विचारू दे," एक म्हातारी म्हणाली. "त्यात कुठं आलाय देव?"

"प्रश्नात नाही. पण मिनातोनं 'देवाच्या दयेनं बरा आहे' असं उत्तर दिलं की गेली राणी!"

"तो जपानी ना हो? तो कशाला असं म्हणेल?"

"चांगल्या घरचा असेल तर म्हणेल," दुसरी म्हातारी ठामपणे म्हणाली.

संध्याकाळच्या आत ही गोष्ट गावभर झाली. रस्त्यानं जाताना ज्याला त्याला मास्तरची थट्टा करायची हुक्की आली. एरवी 'देव तुझ्याजवळ असो' म्हणणारी माणसं त्याला पाहिलं की नुसती घसा खाकरायची आणि म्हणायची, "बघा मास्तर, देवाला मध्ये आणलं नाही!" पाद्र्यांनीसुद्धा गाडीची काच खाली करून फक्त भुवया उडवल्या. पस्तीस वर्षं ज्या माणसानं गावाच्या व्याकरणाला शिस्त लावली, त्याची ही अवस्था झाली. मास्तर घरी येऊन बारब्राला म्हणाला, की अडाण्यांच्या गावात शहाण्यानं राहू नये. बारब्रा म्हणाली, हो, पण जेवून घ्या आणि मग जा.

बुधवारी सकाळी त्याला सरकार आठवलं. डब्लिनला 'शब्दनिश्चिती मंडळ' नावाचं एक कार्यालय होतं. नव्या गोष्टींना आयरिश शब्द ठरवून देणं हे त्याचं काम. अर्ज संगणकावर भरायचा होता, आणि त्यात पहिलाच रकाना 'क्षेत्र निवडा'. मास्तरनं 'लोककथा' निवडलं, तर अर्ज पुढं सरकेना. 'छापील आधार, पृष्ठक्रमांकासह' असं लाल अक्षरांत येऊन बसलं. त्यानं फोन लावला.

"हा शब्द पूर्वी कुणी वापरलाय का?" पलीकडच्या अधिकाऱ्यानं विचारलं.

"वापरत असणारच. चांगली मंडळी वापरतात."

"मग त्यांचं लेखी काही?"

"ते लिहीत नाहीत हो."

"मग लोककथेत बसत नाही, साहेब. आणि दुसरी अडचण सांगू का? 'अभिवादन' ह्याला आमच्या यादीत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थच आशीर्वाद. म्हणजे तुम्हाला आशीर्वादाविना आशीर्वाद हवाय. तुम्ही शिक्षक होतात ना?"

ह्या शेवटच्या वाक्यानं मास्तरच्या चहाची चव गेली. बारब्रा मागून येऊन रकाने वाचत होती. "ते उडतात ना? मग 'विमानवाहतूक' निवडा," ती म्हणाली. त्यानं निवडलं, आणि अर्ज लोण्यातून सुरी जावी तसा पार गेला. दुपारी उत्तर आलं: दोन विमानांनी एकमेकांना अभिवादन करण्याची पद्धत नसल्यानं सदर अर्ज निकाली काढण्यात येत आहे.

त्याच दुपारी सावातारीबाईंचा फोन आला. बाईंनी शिकवणी लावून आयरिश शिकून घेतलं होतं आणि त्या पुस्तकातल्यासारखं इतकं नेटकं बोलायच्या, की मास्तरला त्यांचं बोलणं ऐकताना इस्त्रीचा वास यायचा.

"देव आपल्याजवळ असो, सेन्सेई."

"देव आणि मरियम तुमच्याजवळ असोत," मास्तरनं उत्तर दिलं, आणि कपाळाला हात लावला. "बाई, अडचण आहे ती हीच."

बाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "फार सुंदर अडचण आहे ही." आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मास्तरच्या अडचणीला सुंदर म्हटलं होतं. "पण दिग्दर्शकांकडं आता वेळ नाही. शुक्रवारपर्यंत शब्द मिळाला नाही, तर काल्पनिक भाषा बनवणारे एक गृहस्थ आहेत आमच्याकडं. त्यांनी एक शब्द तयार करून ठेवलाय. 'फिलोरा-ने'."

"काय-ने?"

"फिलोरा-ने. कानाला गोड लागतो, असं दिग्दर्शक म्हणतात."

मास्तर फोन ठेवून बराच वेळ खिडकीशी उभा राहिला. समोर समुद्र, अलीकडं दगडी बांध, आणि बांधाच्या आत चांगल्या मंडळींचं ते काटेरी झाड, ज्याला वाचवायला रस्तासुद्धा वळवून नेला होता. हजार वर्षं ह्या मुलखानं ज्यांचं नाव घ्यायचं टाळलं, ज्यांच्यासाठी उंबऱ्याबाहेर पाणी फेकण्याआधी 'सांभाळा हो' म्हटलं, ती मंडळी आता साऱ्या जगाला 'फिलोरा-ने' म्हणणार. पोरं ते पाठ करणार. उद्या इथल्याच शाळेतलं पोर ते म्हणणार. आणि खाली ओळ येणार, आयरिश भाषा: मार्टीन ओ कुआलान. त्याला खरंच रडू आलं. त्यात थोडं भाषेसाठी होतं आणि बरंचसं स्वतःसाठी.

"नान टॉमला विचारा," बारब्रा म्हणाली.

"तिला? ती माझ्याशी बोलत नाही."

"तुम्ही तरी कुठं बोलता?"

नान टॉम म्हणजे टॉमची मुलगी नान. वय सत्त्याऐंशी, घर डोंगराच्या कुशीत, गावाच्या वर. बावीस वर्षांपूर्वी तिच्या नातीनं निबंधात एक शब्द लिहिला होता. लाट परत फिरताना किनाऱ्यावरचे गोटे एकमेकांवर घासून जो आवाज होतो, त्याला नानच्या घरात एक शब्द होता, आणि पोरीनं तो घरून आणला होता. शाळेत तपासनीस यायचे होते. मास्तरनं शब्दावर लाल शाईनं फुली मारली, शेजारी लिहिलं, 'असा शब्द नाही', आणि खाली पालकांसाठी सूचना, 'घरी अशुद्ध बोलू नये'. तेव्हापासून प्रार्थनेत शेजाऱ्याचा हात हातात घ्यायची वेळ आली की नान मास्तरला ओलांडून मागच्या माणसाचा हात धरायची. मागं कुणी नसेल तर खांबाला हात लावायची.

गुरुवारी सकाळी मास्तर बारब्रानं भाजलेला पाव फडक्यात बांधून चढ चढला. नान अंगणात टर्फच्या, म्हणजे जळणासाठी वाळवलेल्या दलदलमातीच्या, विटा रचत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"या, मास्तर. बसा. आमच्याकडं अशुद्ध चहा असतो. चालेल ना?"

"चालेल," मास्तर म्हणाला. दाराशी एक बुटकं स्टूल होतं, लहान मुलांचं. त्यावर तो बसला आणि त्याचे गुडघे कानाला लागले. "नान, चूक माझी होती. शब्द बरोबर होता. मी नंतर तीन कोश पाहिले. एकातही नाही. पण बरोबर होता. कोश चुकलेत."

"आणि हे कळायला बावीस वर्षं लागली?"

"कळलं दोन वर्षांतच. बाकीची वीस धीर गोळा करण्यात गेली."

नाननं हातातली वीट नीट बसवली. मग दुसरी घेतली. मग म्हणाली, "पाव कशाचा आहे?" आणि मास्तरला कळलं की आता विचारायला हरकत नाही.

तिनं त्याचा प्रश्न ऐकला आणि ती इतकी हसली की तिला खोकला आला. "नमस्कार? अहो, नमस्कार परक्याला करायचा असतो! ती मंडळी तुम्हाला जन्मल्यापासून ओळखतात. ती कशाला नमस्कार करतील? ती हाक मारतात. नुसतं नाव."

"नुसतं नाव?"

"आमचा मिकिलकाका. बापाचा धाकटा भाऊ. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, आम्ही सगळे किनाऱ्यावर समुद्रशेवाळ गोळा करत होतो. मी आठ वर्षांची. काका एकदम ताठ उभा राहिला, 'ओ' म्हणाला, आणि चालायला लागला. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. नऊ दिवसांनी तो वरच्या बांधावर बसलेला सापडला. अंगावर ओरखडा नाही. पण पुढं जन्मभर कुणीही हाक मारली, की आधी आमच्या तोंडाकडं बघायचा. 'तुम्हालाही आली ना ऐकू?' म्हणून विचारायचा, आणि मगच ओ द्यायचा."

"काय हाक मारली होती त्यांनी?"

"दुसरं काय असणार? 'अ विकिल.'" नान थांबली. "आई जेवायला बोलावते ना, तशी. काका म्हणायचा, इतकी मायेची हाक त्यानं परत कधी ऐकली नाही."

मास्तरच्या हातातला चहा गार झाला. मिकिल, अ विकिल. नाव हाकेत आलं की आधी 'अ' लागतो आणि नावाचा पहिला वर्ण मऊ होतो, 'म' चा 'व' होतो. संबोधन विभक्ती! पस्तीस वर्षं त्यानं हा तक्ता फळ्यावर लिहिला होता. तो पाठ नाही म्हणून पोरांना मधल्या सुट्टीत बसवून ठेवलं होतं. पण नाव मऊ का होतं, हे त्यानं कधी स्वतःला विचारलं नव्हतं. कुणीतरी आपल्याला बोलावतंय, आणि बोलावताना आपलं नावच त्याच्या तोंडात विरघळतंय! तक्त्याच्या आत एवढं मोठं काही होतं आणि तो त्यावर खडू घासत बसला होता. पृथ्वीवर एवढ्या भाषा आहेत, आणि त्यातली ही एक त्याच्या वाट्याला आली होती. त्याला त्या बुटक्या स्टुलावरून उठवेना, आणि त्याला गुडघेही थोडे जबाबदार होते.

घरी येऊन त्यानं तोक्योला लिहिलं: राणी नमस्कार करत नाही. ती फक्त हाक मारते, 'अ विनातो'.

तासाभरात उत्तर आलं. "सेन्सेई, वाचून मी काही वेळ काम थांबवलं. मला हे समजलं. परंतु दिग्दर्शक म्हणतात की नायकाचं नाव मिनातो आहे. राणी 'विनातो' म्हणाली, तर आम्हीच नाव चुकलो अशी पत्रं येतील. उद्याच्या ध्वनिमुद्रणात आपल्याकडच्या जाणकार बाईंनी हाक मारून दाखवली, तर ते त्यावर विचार करतील." जपानीत 'विचार करतील' म्हणजे काय, हे मास्तरला माहीत नव्हतं, पण त्याची उभी हयात शिक्षण खात्यात गेली होती, त्यामुळे अर्थ लगेच कळला.

शुक्रवारी सकाळी नान चर्चला जायचा कोट घालून मास्तरच्या स्वयंपाकघरात आली. तोक्योत तेव्हा संध्याकाळ होती. पेगी अंडी परत करायच्या निमित्तानं आली होती, आणि तोमास कुठल्याही निमित्ताशिवाय आला होता. संगणकाच्या पडद्यावर एक खोली दिसत होती: समोर सावातारीबाई, शेजारी हाताची घडी घातलेले दिग्दर्शक, ध्वनिक्षेपकापाशी राणीचा आवाज देणारी नटी, आणि लांब मागं काचेपलीकडं कानांवर हेडफोन चढवलेला एक पोक्त तंत्रज्ञ, जो मान खाली घालून बटणं फिरवत होता.

"कुणाला हाक मारायची आहे ते आधी दाखवा," नान म्हणाली. "समोर माणूस नसताना मी नाव घेत नाही."

बाईंनी मिनातोचं चित्र दाखवलं.

"केसांना काय झालंय ह्याच्या? निळे का?"

"तिकडं असतात तसे," मास्तर हळूच म्हणाला.

"आई आहे का ह्याला?"

मास्तरनं विचारून सांगितलं, "नाही."

नान चित्राकडं बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले, आणि सत्त्याऐंशी वर्षांच्या त्या गळ्यातून जो आवाज आला तो तिचा नव्हता. तो मोठाही नव्हता. "अ विनातो..." एवढंच. पेगीनं चुलीचा दांडा घट्ट धरला. मास्तरच्या डोळ्यांसमोरून एका क्षणात सगळी दारं गेली, जिथून त्याला कधीकाळी कुणी घरात बोलावलं होतं. कोपऱ्यात झोपलेला कुत्रा उठून उभा राहिला.

आणि पलीकडून, काचेच्या मागून, एक घोगरा आवाज आला: "हाय!"

"बघा!" तोमास ओरडला. "'हाय'च म्हणाला! मी मंगळवारीच सांगत होतो!"

तोक्योतल्या सगळ्यांनी मागं वळून पाहिलं होतं. तो पोक्त तंत्रज्ञ हेडफोन काढून उभा होता आणि आपण उभे का राहिलो हे त्याला कळत नव्हतं. सावातारीबाई पडद्याजवळ सरकल्या. "सेन्सेई, आमच्यात 'हाय' म्हणजे 'ओ'. त्यांचं आडनाव मिनातो आहे. त्यांना आयरिशचा एक शब्द येत नाही. ते म्हणतात, त्यांना कुणीतरी पाठीमागून बोलावलं."

"ओ दिली?" नानचा चेहरा पांढरा पडला. "पहिल्याच हाकेला? अरे देवा! तीनदा हाक आल्याशिवाय ओ देऊ नये, हे शिकवत नाहीत का तुमच्याकडं? मास्तर, सांग त्याला, आधी मीठ..."

मास्तर तोंड उघडणार, एवढ्यात पडद्यावरचे दिग्दर्शक उठले, कोपऱ्यातल्या कपाटातून एक चिमुकली पुडी घेऊन आले, ती फोडली आणि त्यांनी मिनातोसाहेबांच्या दोन्ही खांद्यांवर आणि छातीवर मीठ टाकलं. मिनातोसाहेबांनी मान झुकवून ते टाकू दिलं.

नानचं बोलणं अजून कुणी जपानीत सांगितलंही नव्हतं. मध्ये अख्खी पृथ्वी होती.

"चांगल्या घरची माणसं आहेत," नान शेवटी म्हणाली.

दिग्दर्शक परत जागेवर आले, पण बसले नाहीत. ते पडद्यासमोर कमरेत वाकले आणि तसेच बराच वेळ राहिले. मग बाईंनी सांगितलं, "दिग्दर्शक म्हणतात, 'विनातो'च राहील. हाक ज्याला कळायची त्याला कळली."

मास्तरनं चष्मा पुसला. तो पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

"यादीत कुणाचं नाव घालू, सेन्सेई? नानबाईंचं घालायला हवं."

"माझं?" नान ताडकन म्हणाली. "ही हाक मी शिकवली, हे त्या मंडळींना कशाला कळायला हवं? मास्तरचंच घाला. त्याला नेलं तरी गावाचं काही अडत नाही."

मास्तर नानला पोचवायला वरच्या वाटेनं गेला. वारा पडला होता आणि खाली समुद्र चकाकत होता. फाटकाशी नाननं त्याचा हात धरला, खांबाचा धरायची तसा नव्हे, माणसाचा धरतात तसा, आणि ती आत गेली. मास्तर उताराला लागला. त्याचं मन अगदी तुडुंब भरून आलं होतं. इतकं मोठं, इतकं जुनं, आणि आपण त्याच्या इतके जवळ, असं काहीतरी.

वीसेक पावलं गेला असेल, तेवढ्यात मागून हाक आली: "अ वार्टीन..."

"ओ!" तो म्हणाला, आणि मग वळला.

फाटक बंद होतं. नान दाराच्या आत, कोटाची बटणं काढत उभी होती आणि त्याच्याकडं टक लावून बघत होती.

"पहिल्याच हाकेला," ती तिथूनच म्हणाली. "तासाभरापूर्वी सांगितलं होतं. नापास."

"तुम्हीच मारलीत ना हाक, नान?"

नाननं कोटाचं शेवटचं बटण काढलं.

"नाही म्हटलं, तर आज जेवण जाईल का तुला?"

"नाही."

"मग मीच मारली," नान म्हणाली, आणि तिनं दार लावून घेतलं.